खाडीकाठचा उपोसथ : निसर्गदर्शन आणि प्राणिमात्रांचे पालन

नागपूर येथे १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांपैकी तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांविषयीची आहे. तीत दोन गोष्टी अंतर्भूत आहेत. एक, सर्व प्राणिमात्रांवर दया करणे. दुसरी, त्यांचे पालन करणे. दयेविषयी आपल्या विहारांतून पुष्कळ बोलले जाते. मेत्ता आणि करुणा यांवर प्रवचने होतात. पालनाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो. दया मनात उत्पन्न होते. पालन हाताने करावे लागते. ज्या जीवाचे नाव आपणांस ठाऊक नाही, त्याचे अन्न कोणते, घर कोठे, पिले केव्हा होतात हे ठाऊक नाही, त्याचे पालन करावयाचे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखात आम्ही शोधणार आहोत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्राणिमात्रांच्या पालनाचा आरंभ पाहण्यापासून होतो आणि पाहावयाचे तर घराबाहेर पडावे लागते. पाली विनयपिटकात जीवरक्षणाचे जे नियम आहेत, ते याच क्रमाने निर्माण झाले आहेत. कोणीतरी पाहिले, कोणीतरी आक्षेप घेतला आणि मग नियम झाला. हा क्रम समजावा म्हणून आम्ही रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याचे डोलवी हे गाव व त्याच्या भोवतालचा खाडीकाठ उदाहरणादाखल घेतला आहे.

डोलवीच का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांना डोलवी माहीत असते ती तेथील पोलाद कारखान्यामुळे. वडखळचा नाका, अवजड वाहनांची रांग, कारखान्याची धुराडी, खाडीतून माल आणणारे तराफे, असे ते दृश्य. वन्यजीव पाहण्यासाठी कोणी डोलवीस जात नाही. म्हणूनच ते आम्हांस योग्य वाटले. निसर्ग म्हणजे दूरच्या अभयारण्यातील वस्तू, तिकीट काढून पाहावयाची, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः पाळी संपवून घरी परतणाऱ्या कामगाराच्या वाटेवरही निसर्ग असतो. त्याला तो दिसतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

दोन शंका

विषयाच्या आरंभीच दोन शंकांचा विचार केला पाहिजे, कारण त्या खऱ्या आहेत.

पहिली शंका अशी की, रानावनात हिंडणे व पक्षी पाहणे हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेर दिवस काढले, ज्यांच्याकडे रान म्हणजे मोळी आणि शेत म्हणजे दुसऱ्याचा बांध, त्यांनी निसर्गप्रेमाचे कौतुक का करावे? याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड येथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पिऊ शकत होती, पक्षी पिऊ शकत होते; माणसांना मात्र मज्जाव होता. ही गोष्ट विसरून निसर्गाविषयी गोड गोड लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु महाडचा अर्थ असाही आहे की पाणी, झाड, माती, खाडी ही कोणा एका वर्णाची मिरास नव्हे. जे सर्वांचे आहे त्यावर हक्क सांगितला, की त्याच्या रक्षणाचा भारही आपल्याकडे येतो. हक्क घ्यावयाचा आणि राखण दुसऱ्यावर सोपवावयाची, हे समतेस धरून नाही.

दुसरी शंका तात्त्विक आहे. निसर्गाकडे वळणे म्हणजे समाजाकडे पाठ फिरविणे काय? झाडास देव व नदीस माता मानण्याकडे तर हा मार्ग जात नाही ना? याचे उत्तर विनयपिटकातच मिळते. भिक्खूंनी आयुष्यभर अरण्यातच राहावे, असा नियम करण्याची मागणी देवदत्ताने केली होती. तथागतांनी ती मान्य केली नाही. ज्याची इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याची इच्छा असेल त्याने गावाजवळ राहावे, असा त्यांचा निर्णय होता. अरण्याची व्याख्याही मोठी व्यवहारी आहे. गावापासून पाचशे धनुष्यांच्या अंतरावर अरण्य सुरू होते, असे पाली परंपरा सांगते. म्हणजे भिक्षेसाठी गावात येऊन परत जाता येईल एवढेच हे अंतर. अरण्य हे पळून जाण्याचे ठिकाण नव्हते. जाऊन, पाहून, परत येण्याचे होते. आणि तेथे जे पाहावयाचे, ते पूजेसाठी नव्हे. एक गोष्ट दुसरीच्या आधाराने कशी उत्पन्न होते आणि आधार काढून घेतला की कशी नाहीशी होते, हे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते. प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ वाचनाने कळतो. खाडीच्या चिखलात तो प्रत्यक्ष भेटतो.

नियम कसा झाला

वर्षावासाची कथा आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. तिच्यातील एका तपशिलाकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. महावग्गात ही कथा राजगृहाच्या वेळुवनात घडते. प्रारंभी भिक्खूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम नव्हता. ते बाराही महिने फिरत. तेव्हा लोक तक्रार करू लागले : हे श्रमण हिरवे गवत तुडवितात, लहान लहान जीव चिरडतात. इतर पंथांचे परिव्राजकही पावसाळ्यात एके ठिकाणी राहतात. इतकेच काय, पक्षीसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधून पावसाळ्यात स्थिर होतात. मग यांनाच काय झाले? ही तक्रार तथागतांच्या कानी गेली आणि वर्षावासाचा नियम झाला.

येथे तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, हे निरीक्षण सामान्य लोकांचे होते. पावसाळ्यात गवत वाढते, जीवजंतूंची वीण होते, पक्षी घरटी करतात, हे शेतावर राबणाऱ्यांना ठाऊक होते. दुसरी, त्या निरीक्षणातून त्यांनी संघावर टीका केली आणि संघाने ती ऐकली. तिसरी, नियम झाला तो कोणत्याही देवतेच्या कोपाच्या भयाने नव्हे, तर जीवांना होणारी हानी टाळण्यासाठी आणि लोकांचा आक्षेप योग्य होता म्हणून.

पाचित्तिय नियमांतही हाच क्रम आढळतो. जमीन खणण्याविषयीचा दहावा, वनस्पती तोडण्याविषयीचा अकरावा आणि जीव असलेले पाणी माती-गवतावर ओतण्याविषयीचा विसावा, हे तिन्ही नियम आळवी येथील भिक्खूंच्या वर्तनातून उद्भवले. तेथे बांधकाम चालू होते. भिक्खू जमीन खणीत होते, झाडे तोडीत होते. लोकांनी आक्षेप घेतला आणि नियम घडला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर, बांधकाम व पर्यावरण यांमधील संघर्षाचे हे फार जुने प्रकरण आहे. हिरवळीवर वा पाण्यात मलमूत्र वा थुंकी टाकू नये, असेही नियम आहेत. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. गाळणे हे तर पालनाचे अत्यंत साधे साधन. पाण्यात जीव आहेत हे आधी पाहिले पाहिजे, तेव्हाच गाळण्याची गरज कळते.

अंबा नदीचा मार्ग

डोलवीच्या परिसराची घडण समजण्यासाठी अंबा नदी ध्यानात घ्यावी. ही नदी सह्याद्रीत उगम पावून जांभूळपाडा, पाली, नागोठणे असा प्रवास करते आणि पुढे धरमतरच्या खाडीतून मुंबई बंदराच्या मुखाशी समुद्रास मिळते. तिच्या वरच्या खोऱ्याच्या परिसरात, सुधागड तालुक्यात, ठाणाळे येथील बौद्ध लेणी आहेत. आजही त्या लेण्यांकडे दाट झाडीतून जावे लागते. दक्षिणेस राजपुरीच्या खाडीवर कुडा येथील लेणी आहेत. आणखी पुढे महाडजवळ गांधारपाले. पश्चिम भारतातील अनेक लेण्यांच्या लेखांत ‘पोढी’ म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके दान दिल्याचे उल्लेख आहेत. पावसाचे पाणी खडकात साठवून वर्षभर पुरविण्याची ही व्यवस्था ज्यांनी केली, त्यांना ऋतूंचे आणि डोंगराच्या उताराचे ज्ञान होते. लेणी पाहावयास जाणाऱ्या आपल्या सहली बहुधा मूर्ती व चैत्य पाहून परततात. टाक्यात पाणी कोठून येते, उन्हाळ्यात कोणते प्राणी तेथे पाणी पितात, लेण्याच्या छतास कोणती वटवाघळे लटकतात, हेही पाहिले तर सहल पूर्ण होईल.

हीच नदी डोलवीपाशी पोहोचते तेव्हा ती गोडी राहिलेली नसते. समुद्राची भरती दिवसातून दोन वेळा आत येते आणि दोन वेळा ओसरते. गोडे व खारे पाणी जेथे मिसळते, तेथे कांदळवन उगवते. तिवर, चिपी, कांदळ ही त्यांतील ओळखीची झाडे. एरवी कोणतेही झाड मिठाच्या पाण्यात मरते. ही झाडे कशी तगतात? तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेस लावावे, खारट लागते. झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे पेन्सिलीसारखी जमिनीतून वर येतात आणि श्वास घेतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. लांब शेंगेसारखा कोंब खाली पडतो आणि चिखलात रुततो किंवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरतो. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीस राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला.

या मुळांच्या जाळीत पाण्याचा वेग मंदावतो, गाळ बसतो. कोळंबी, खेकडे आणि अनेक माशांची पिले तेथे वाढतात. पेण-अलिबागच्या लोकांचा आवडता जिताडा याच खाड्यांशी जोडलेला आहे. पानगळ चिखलात कुजते, तिच्यावर सूक्ष्म जीव जगतात, त्यांच्यावर किडे व खेकडे, त्यांच्यावर मासे, माशांवर बगळे आणि माणसे. तिवर तोडला तर जाळे फाटते. ही साखळी पाहिली की एकाच्या आधाराने दुसरे टिकते हे वचन अनुभवाचे होते.

पौर्णिमा आणि भरती

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जी आमच्या मते विहारांनी अवश्य उपयोगात आणावी. उपोसथाचे दिवस चंद्रावर ठरतात. समुद्राची भरती-ओहोटीही चंद्रावर ठरते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास चंद्र, पृथ्वी व सूर्य एका रेषेत येतात आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद भरती असते. कोकणातील कोळी व आगरी लोक भरतीची वेळ काढण्यासाठी एक सोपा हिशेब करतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची अदमासे वेळ मिळते. अष्टमीस सुमारे सहा वाजता, पौर्णिमेस सुमारे बारा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आत शिरलेल्या खाडीत या वेळा थोड्या पुढे सरकतात.

याचा अर्थ काय? पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सहाच्या आणि सायंकाळी सहाच्या सुमारास खाडीचे पाणी सर्वांत मागे गेलेले असते. चिखलाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. ज्या दिवशी उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे नेसून विहारात जमतात, त्याच दिवशी खाडीकाठी सर्वाधिक जीव दृष्टीस पडतात. वंदनेपूर्वीचा एक तास बांधावर उभे राहून घालविला, तर उपोसथात कोणताही खंड पडत नाही. उलट त्यास एक अंग जोडले जाते.

त्या तासात काय दिसेल? चिखलावर उड्या मारीत चालणारी निवटी दिसेल. हा मासा पाण्याबाहेरही काही काळ राहतो आणि परांच्या आधारे चालतो. एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे आपापल्या बिळांच्या तोंडाशी ती नांगी हलविताना दिसतील. ढोकरी पाठ वाकवून निश्चल उभी असेल; उडाली की तिचे पांढरे पंख एकाएकी प्रकट होतील. खंड्या खुंटावरून पाण्यात सूर मारील. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, चिखल टोचीत धावणाऱ्या तुताऱ्या आणि वळणदार चोचीचा कोरल हे हिवाळ्यात भेटतील. प्रत्येकाची चोच वेगळ्या लांबीची असते, म्हणून प्रत्येकजण चिखलाच्या वेगळ्या खोलीतले अन्न काढतो. एकाच पात्रातून अनेकजण कसे जेवतात, याचा तो नमुना आहे.

पौर्णिमांचा वर्षभराचा क्रम

प्रत्येक पौर्णिमेस निरीक्षणाचा निराळा विषय मिळतो. वैशाख पौर्णिमेस, बुद्धजयंतीच्या सुमारास, रानातील पाणी आटलेले असते. मुरूड व रोहा तालुक्यांतील फणसाड अभयारण्यात, ज्याची स्थापना १९८६ मध्ये झाली, नैसर्गिक पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात अशा पाणवठ्यांपाशी दुरून, शांत बसले तर कोण कोणत्या वेळी येतो ते कळते. याच रानात शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी खार, झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारते. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान होते. शिकारीचे राखीव रान जीवांच्या अभयाचे रान झाले, या बदलाचे मर्म आपल्या वाचकांना सांगावयास नको.

आषाढ पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो आणि त्याच दिवसांत सुगरण पक्षी घरटी विणू लागतात. महावग्गातील लोकांनी पाहिलेले दृश्य आजही पेणच्या शेतांतील शिंदी-माडांवर पाहावयास मिळते. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये शेजारच्या अलिबाग तालुक्यातील किहीम येथे याच पक्ष्याचे दीर्घ निरीक्षण केले. त्या काळी त्यांना नोकरी नव्हती. घरट्यांच्या जवळ आडोसा करून ते तासन्‌तास बसत. त्यांना असे आढळले की नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर स्वीकारते, मग नर ते पूर्ण करतो आणि पुढे दुसरे घरटे विणावयास घेतो. सुगरणीची घरटी शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर होती. एका माणसाने धीराने बसून पाहिले, तेव्हा हा व्यवहार शास्त्रास कळला.

आश्विन पौर्णिमेस पवारणेच्या सुमारास पाऊस सरतो आणि उत्तरेकडून स्थलांतरित पक्षी येऊ लागतात. कार्तिकात ते सर्वत्र दिसतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिन. चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यात नोकरी करीत मराठीस रानाची शब्दसंपत्ती दिली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा होता. पनवेलहून पेणकडे येताना लागणाऱ्या या अभयारण्यात दीडशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. माघ-फाल्गुनात पांगारा, काटेसावर व पळस फुलतात. त्या वेळी एखाद्या फुललेल्या झाडाखाली अर्धा तास उभे राहावे. मधासाठी किती प्रकारचे पक्षी येतात ते मोजावे.

साप आणि मेत्ता

बाहेर पडा म्हटले की पहिली भीती सापाची. ती खोटी नाही. कोकणात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात. अंगुत्तरनिकायात श्रावस्ती येथे सर्पदंशाने एका भिक्खूचा मृत्यू झाल्याचा प्रसंग आहे. तेव्हा तथागतांनी सर्पांच्या चार कुळांविषयी मेत्ता बाळगण्यास सांगितले आणि पुढे पाय नसलेले, दोन पायांचे, चार पायांचे, बहुत पायांचे अशा सर्वांपर्यंत ती विस्तारली. ज्याने दंश केला त्याच्या कुळास मारून टाका, असे त्यांनी सांगितले नाही. ही ती विशेष गोष्ट.

मात्र हे सुत्त म्हणजे विषावरचा मंत्र नव्हे. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता, दंश झालेला भाग न हलविता, विनाविलंब रुग्णालय गाठावे. प्रतिविष हाच त्यावरील उपाय आहे. मेत्तेचा उपयोग दंशापूर्वी आहे. पायांत बूट, हातात काठी, अंधारात विजेरी, न पाहता बिळात वा दगडाखाली हात न घालणे आणि साप दिसला तर त्यास वाट देणे, ही मेत्तेची आणि सावधानतेची एकत्रित रूपे होत. साप उंदीर खातो म्हणून भाताचे कोठार वाचते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते.

ज्ञानावाचून दया

केवळ दया पुरेशी नाही, हे सिद्ध करणारे एक उदाहरण आपल्या काळातले आहे. पूर्वी गावोगाव मेलेल्या जनावरावर गिधाडे उतरत. १९९० नंतरच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहूनही अधिक घटली. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे कारण प्रसिद्ध केले. गुरांच्या वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसात उरत होते आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली. गाईच्या दुःखाविषयीची दयाच येथे दुसऱ्या जीवाच्या नाशास कारण झाली; कारण मधली कडी कोणी पाहिली नव्हती. करुणेला प्रज्ञेची जोड का लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात अजून गिधाडांची घरटी राखली जातात, ही समाधानाची गोष्ट आहे.

गिधाडाचा हा इतिहास आपल्याशी अधिक निकट आहे. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांना बाबासाहेबांनी महाडमध्ये मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. जे काम निसर्गात गिधाड करते, ते जातिव्यवस्थेने माणसांवर लादले होते. माणसास त्या कामातून मुक्त करणे आणि गिधाडास त्याचे अन्न निर्विष मिळू देणे, या दोन्ही गोष्टी एकाच न्यायाच्या आहेत.

राखण कोणी करावी

जातकांतील व्यग्घ जातकाची कथा येथे आठवते. एका वनात सिंह व वाघ राहात होते. शिकारीच्या अवशेषांची दुर्गंधी येते म्हणून एका अविचारी वृक्षदेवतेने, बोधिसत्त्वाचा सल्ला न मानता, त्यांना भय दाखवून हाकलून दिले. वाघांच्या पाऊलखुणा दिसेनाशा झाल्याबरोबर माणसे कुऱ्हाडी घेऊन आली आणि वन तोडून शेती केली. देवतेने वाघांना परत बोलाविले, पण ते आले नाहीत. वृक्षदेवतेचे रूपक बाजूस ठेवले तरी कथेचा आशय आजचा आहे. एक घटक उपद्रवी म्हणून काढावा, तर सगळेच ढासळते.

डोलवी-पेणच्या खारपट्ट्यात हा प्रश्न सोपा नाही, हे आम्ही जाणतो. येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राचे पाणी बांधाने अडवून भातशेती केली. बांधास उघाडी ठेवून पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे आणि भरतीचे आत येऊ द्यावयाचे नाही, अशी ती युक्ती. बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तेथे तिवर उगवतो. मग जमीन शेतकऱ्याच्या नावावर आणि झाडे कायद्याच्या संरक्षणाखाली, असा पेच उत्पन्न होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यास मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. २०१२ मध्ये शासनाने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. हे योग्यच झाले. परंतु ज्याचे शेत गेले त्याचे दुःखही खरे आहे. आमच्या मते येथेही पाहणे उपयोगी पडते. बांधाच्या बाहेरच्या बाजूस कांदळवन दाट असेल तर लाटांचा जोर त्यावर मोडतो आणि बांध टिकतो. बाहेरचा तिवर तोडला, की आतल्या भातावर संकट येते. तेव्हा बांध वेळेवर दुरुस्त व्हावा, ही शेतकऱ्याची मागणी आणि बांधाबाहेरचे कांदळवन अबाधित राहावे, ही निसर्गरक्षकाची मागणी या परस्परविरोधी नाहीत. त्या एकत्र मांडल्या पाहिजेत.

भारतीय संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-क मध्ये वने, तळी, नद्या व वन्यजीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. तेरावी प्रतिज्ञा आणि हे कर्तव्य यांत विलक्षण साम्य आहे. धम्माच्या नात्याने आणि नागरिकत्वाच्या नात्याने आपण एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो.

विहारांसाठी काही सूचना

शेवटी काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक विहाराने महिन्यातून एका पौर्णिमेस सकाळी मुलांसह जवळच्या खाडीवर, तळ्यावर वा माळावर जावे. खर्च काहीच नाही. ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांनी ती आळीपाळीने सर्वांना द्यावी. नसेल तर डोळे पुरेसे आहेत. मोठ्याने बोलू नये, ध्वनिक्षेपक नेऊ नये. घरट्याजवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी पक्षी उडवू नये. जेवणाचे कागद व पिशव्या परत आणाव्यात. भरतीची वेळ विचारल्याशिवाय चिखलात उतरू नये.

मार्गदर्शक म्हणून गावातीलच माणसे घ्यावीत. कोणत्या बिळात कोणता खेकडा आहे हे कातकरी बांधवास ठाऊक असते. पाण्याच्या रंगावरून मासळीचा अंदाज कोळी बांधतो. उघाडी केव्हा उघडावी हे आगरी शेतकरी सांगतो. ज्यांना समाजाने अडाणी म्हटले, त्यांच्यापाशी बसून शिकणे हा समतेचाही अभ्यास आहे. मुलांनी एक वही ठेवावी. तारीख, तिथी, वेळ, ठिकाण आणि काय पाहिले एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे. अशी वही पाच वर्षे राखली गेली, तर त्या खाडीत काय वाढले, काय घटले, याचा पुरावा गावाच्या हाती असेल. उद्या कोणी तेथे भराव घालू लागला, वा दूषित पाणी सोडू लागला, तर ग्रामसभेत केवळ भावना मांडण्याची वेळ येणार नाही. नोंदी मांडता येतील. राजगृहाच्या लोकांनी हेच केले होते. त्यांनी पाहिले होते, म्हणून ते बोलू शकले. आणि ते बोलले, म्हणून नियम झाला.

येत्या पौर्णिमेस पहाटे पाणी ओसरलेले असेल. ज्या उपासकांना शक्य असेल त्यांनी वंदनेपूर्वी तासभर काठावर जावे आणि पहिल्या पानावर पहिली नोंद करावी.